चौथ्याची पाळी

मला वाचायला काकाजींनी लावलं, हे आधी लिहून टाकते. काय झालं, कसं झालं ते मागून येईलच. सांगायला बसले की मी एकातून दुसऱ्यात शिरते आणि ज्याचं नाव पहिलं घ्यायचं तेच राहून जातं, म्हणून ही घाई.

पुस्तक देताना काकाजी आधी त्याच्यावर तळहात ठेवायचे. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, हलका आणि जरा वेळ. मग तारखेचा शिक्का, मग कार्डावर सही, मग पुस्तक टेबलावरून तुमच्याकडे सरकायचं. हात काढता काढता म्हणायचे, "पाळी पाळीनं, वो ताई. घाई काहून?" घाई कुणी केलेली नसायची. तरी म्हणायचे.

अमरावतीच्या एका जुन्या वाचनालयात ते देवघेवीच्या टेबलावर बसत. वाचनालयाचं नाव नको. राजकमल चौकातून चालत दहा मिनिटं, एवढं पुरे. काकाजींचंही नाव लिहीत नाही. त्यांच्याहून वयानं मोठे म्हातारेसुद्धा त्यांना काकाजीच म्हणायचे. उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा, हिवाळ्यात बिनबाह्यांचा हिरवा स्वेटर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. असे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. तुम्ही कार्ड पुढं केलंत, त्यांनी शिक्का मारला, तुम्ही निघालात. मीही पहिले काही दिवस तेवढंच पाहिलं.

मी तळकोकणातली, कुडाळपासून आत. आठवीत शाळा सुटली. सोडायची असं कुणी ठरवलं नव्हतं. आई आजारी पडली, मी महिनाभर घरी राहिले आणि तो महिना काही संपला नाही. पुढं लग्न झालं, नवऱ्याला अमरावतीच्या एमआयडीसीत कापसाच्या जिनिंगच्या मशीन दुरुस्तीचं काम लागलं आणि मुंबईत गाडी बदलून आम्ही या टोकाला आलो.

इथली भाषा मराठीच, पण पहिले काही महिने मला सगळेच माझ्यावर रागावलेले वाटायचे. भाजीवाली म्हणाली, "काहून उभ्या हा?" मी घाबरून दोन पावलं मागे सरले. घरमालकीण काकूंनी विचारलं, "जेवून राहिली का?" मी म्हटलं, जेवले पण राहणार कुठं, मी तर इथंच राहते ना. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग भिंतीला धरून हसल्या. जेवत आहेस का, एवढंच विचारलं होतं त्यांनी.

वाचनालयातलं काम याच काकूंनी मिळवून दिलं. दुपारी झाडलोट, धूळ पुसणं आणि फाटक्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालणं. सेक्रेटरींनी शिक्षण विचारलं. तोंडातून निघून गेलं, "दहावी." त्यानंतर कितीतरी महिने कुणाच्या हातात कागद दिसला की मला वाटायचं, हा माझा दाखला मागायला आला.

दुपारी वाचनालय पेंगायचं. कूलरच्या खसाचा ओला वास, त्यात माझ्या कव्हरं चिकटवायच्या खळीचा आंबूस वास. वर्तमानपत्रं वाचणारे पेन्शनर वर्तमानपत्राआडच झोपी जायचे आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्यांच्या तोंडापुढचं पान हळूहळू उठायचं, बसायचं. उंच खिडकीतून उन्हाची एक तिरीप यायची, कपाटांवरून सरकत सरकत चारच्या सुमाराला पाचव्या कपाटाच्या मधल्या फळीवर टेकायची. त्या फळीवर एकाच लेखकाची अकरा पुस्तकं होती.

हे लेखक पातूरकडचे. आता ते नाहीत. काकाजी त्यांना "आपले मास्तर" म्हणत, कारण ते शाळामास्तर होते. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर यादी छापलेली: लेखकाची प्रकाशित पुस्तके. एक, 'धुऱ्यापल्याड'. दोन, 'सागाखालचे दिवस'. तीन, 'सुताचा गुंडा'. चार, 'कच्चा पूल'. अशी अकरापर्यंत. मला ती यादी फार आवडायची. जगात एवढं तरी नंबरानं लावलेलं आहे, असं वाटायचं.

या अकरांना मी पहिल्याच आठवड्यात कव्हरं घातली आणि पहिलीच चूक केली. नावांच्या चिठ्ठ्या आधी लिहून ठेवल्या होत्या, वाऱ्यानं उडाल्या, गोळा करून पुन्हा लावल्या आणि चिकटवल्या. आठ दिवसांनी एक निवृत्त हेडमास्तर तणतणत आले. त्यांना आठवं पुस्तक हवं होतं, 'सरपंचाची सायकल'. विनोदी आहे म्हणून सकाळच्या फिरण्यातल्या मित्रांना बाकावर बसून वाचून दाखवत होते.

"चाळीस पानं झाली," ते म्हणाले, "नुसत्या विहिरी खणून राहिले लोक. सायकल कुठं हाय?"

आत 'पाचवी विहीर' होतं. दुष्काळाचं पुस्तक. चौघं म्हातारे चार सकाळी दुष्काळ ऐकत हसायची वाट बघत बसले होते. मला वाटलं, आता दहावीचं निघणार. काकाजींनी चष्मा कपाळावर नेला, पुस्तक उघडलं, मिटलं आणि हेडमास्तरांना फार गंभीरपणे सांगितलं की, आता अर्ध्यात आलाच आहात तर विहीर पुरी करा, पाणी लागतं शेवटी. हेडमास्तर पुस्तक परत घेऊन गेले, बघा. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाले की चौघांपैकी दोघं रडले आणि सायकल आता कुणालाच नको आहे.

ते गेल्यावर काकाजी मला म्हणाले, की चिठ्ठ्या बघून कव्हर घालाल तर पुन्हा चुकाल. आतलं वाचलं असलं की हात चुकत नाही. मी म्हटलं, मला जमणार नाही. ते म्हणाले, "जमते." आणि उठून गेले, पाचव्या कपाटाकडं.

मला वाटलं पहिलं आणतील. तिसरं आणलं. मी यादी दाखवली, हे तिसरं आहे म्हटलं. तर म्हणाले, "छापनाऱ्याची पाळी येगळी, वाचनाऱ्याची पाळी येगळी. शेतात पानी देतेत थे काय बांधाच्या नंबरानं देतेत? ज्या वाफ्याची पाळी, तिकडं बारं फोडा लागते." पाटाचं तोंड त्या वाफ्याकडं उघडायचं, असं त्यांचं म्हणणं.

'सुताचा गुंडा' वाचायला मला सव्वा महिना लागला. बोट ठेवून वाचायचे. ओळ संपली की वर जाऊन पुन्हा पहिल्या शब्दापासून. परत केलं तेव्हा काकाजींनी गोष्ट विचारली नाही. ते कधीच विचारत नसत. एवढंच विचारायचे, "मंग? काय उरलं?"

सगळ्या वाचकांना विचारायचे. कुणी म्हणायचं, शेवट. कुणी म्हणायचं, ती पाटलीणबाई. माझ्या तोंडात एकच आलं. "टोपडं," मी म्हटलं. त्या पुस्तकात एका ठिकाणी, पान दीड पानच असेल, एक बाई बाळासाठी शिवलेलं टोपडं बसून उसवते आणि तो दोरा गुंड्याला जोडून टाकते. का उसवते ते लेखकानं लिहिलेलंच नाही.

काकाजींनी माझ्याकडं पाहिलं. मग शिक्क्याची तारीख उगाच फिरवली आणि पुन्हा होती तिथं आणली.

तुम्हाला सांगायला हवं. माझं एक मूल पोटातच, सहाव्या महिन्यात गेलं होतं, कुडाळला असताना. अमरावतीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. काकूंनाही नाही. आम्ही दोघं नवरा-बायकोसुद्धा त्याबद्दल बोलायचो नाही. मी कुठंही गेले तरी ते माझ्याबरोबर यायचं आणि मी ते कुणाला दिसू द्यायची नाही.

त्यानंतर मला सातवं मिळालं, मग पहिलं, मग आठवं. आठव्याला मी एकटीच स्वयंपाकघरात इतकी हसले की काकू बघायला आल्या. हळूहळू बोट ठेवणं सुटलं. आणि मी टेबलाच्या या बाजूनं बघायला लागले की काकाजी ही अकरा पुस्तकं कुणाकुणाला कशी देतात. तुम्हीही पाहिलं असतंत तर थक्क झाला असतात. प्रत्येकाचा क्रम वेगळा. पोलीस भरतीत दोनदा नापास झालेल्या एका मुलीला त्यांनी सुरुवातच सायकलीपासून करून दिली. नुकताच नवरा गेलेल्या एका शिक्षिकेला अकरावं आधी, 'दुपारची पत्रं'. सेमाडोहचा एक निवृत्त वनरक्षक महिन्यातून एकदा एसटीनं यायचा आणि दर वेळी दुसऱ्या नंबरचंच न्यायचा, 'सागाखालचे दिवस'. चौथ्यांदा नेत होता. मी काकाजींना म्हटलं, यांना तिसरं का देत नाही? म्हणाले, "त्याचं गाव थ्या पुस्तकात हाय. गावातून मानसाले काहून काढा?"

कुठंही लिहिलेलं नसायचं हे. सगळं डोक्यात.

आता जे सांगते ते सांगावं की नाही, असं झालं होतं. पण ते वगळलं तर काकाजी अर्धेच होतील.

एका दुपारी काकू मला विसरलेला डबा द्यायला वाचनालयात आल्या. मी कपाटाच्या शिडीवर होते आणि हातात चौथं होतं, 'कच्चा पूल'. माझं सात-आठ पुस्तकांचं वाचन झालेलं. आता हे न्यावं म्हणून मी वरूनच ते उंच करून काकाजींना दाखवलं. काकाजींनी मान हलवली आणि सगळ्या शांत हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाई, ताई. तुमची पाळी आली नाई अजून."

वर्तमानपत्रं वाचणारे सगळे वर्तमानपत्रात आणखी खोल गेले. काकूंनी पदर तोंडात धरला. काकाजी आपले शिक्का पुसत बसले होते. काय झालं, त्यांच्या गावीही नव्हतं.

घरी जाताना काकू रस्ताभर हसत होत्या. "बापा बापा, काय तो बुढा," म्हणत होत्या. मीही हसत होते. राजापेठच्या वळणावर त्या हसता हसता थांबल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तारीख कोनती वं तुयी?"

मी मनातल्या मनात मोजलं. मग बोटांवर मोजलं. सतरा दिवस वर झाले होते.

नंतर ही आमच्या घरातली कायमची थट्टा झाली, की डॉक्टरच्या आधी काकाजींना कळलं. पण त्या दिवशी मी हसले नाही. काकूंनी माझा हात धरला होता आणि त्या वळणावर, रिक्षांच्या गोंगाटात, मी त्यांना कुडाळचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी उसाचा रस घेऊन दिला.

पुढचे महिने मला आठवतात ते पाण्याखालून पाहिल्यासारखे. मी जपून चालायची. शिडी काकाजींनी बंद केली, कपाटाच्या वरच्या फळ्या स्वतः पुसायला लागले. मला पुस्तकं मिळत होती, पाचवं, दहावं, विहिरीचंसुद्धा. चौथं मिळेना. मागितलं की एकच उत्तर. आता तर ते हळू आवाजात देत, काकूंनी त्यांना कधीतरी समजावलं असावं.

मग एकदा ते हेडमास्तर टेबलाशी उभे राहून कुणाला तरी सांगत होते की 'कच्चा पूल' वाचलं नाही त्यानं मास्तर वाचलेच नाहीत, पण ते पेलायला शिकलेला माणूस लागतो. मी खळ ढवळत होते. डोक्यात लख्ख झालं. काकाजींना कळलंय. दाखला नाही हे कळलंय, आणि आठवीवाल्या बाईला शिकलेल्यांचं पुस्तक कशाला, म्हणून देत नाहीत. सायकल चालते, पत्रं चालतात. पूल नाही.

हेडमास्तर गेल्यावर मी काकाजींसमोर जाऊन उभी राहिले. हात खळीनं बरबटलेले. म्हटलं, मी दहावी नाही, आठवी आहे. तुम्हाला कळलंय ना? म्हणून देत नाही ना तुम्ही?

त्यांनी शिक्का खाली ठेवला. मग म्हणाले, "शिक्षनाचं मले काई मालूम नाई, ताई. मी तं सातवी हाओ."

"मग का देत नाही?"

"येईन पाळी."

"तुमची ती पाळी तुमच्यापाशीच ठेवा," मी म्हटलं. एवढं तोडून मी आयुष्यात कुणाला बोललेले नव्हते. दोन वाक्यांत सांगता आलं असतं त्यांना. आता कळतं, ती दोन वाक्यं त्या दिवशी माझ्यासमोर उच्चारायचीच त्यांना भीती होती. माझा राग त्यांनी टेबलावर ठेवून घेतला, परत आलेल्या पुस्तकासारखा.

सातवा लागला तेव्हा कापसाचा हंगाम भरात होता. नवऱ्याला हंगामापुरतं अकोटच्या जिनिंगमध्ये पाठवलं होतं. मला एकटीला अमरावतीत ठेवायला तो तयार नव्हता आणि मोठा दवाखाना जवळ हवा होता, म्हणून आम्ही अकोल्यात तीन महिन्यांसाठी एक खोली घेतली. अकोटहून तो संध्याकाळच्या एसटीनं यायचा. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कापूस. मी बसून एकेक धागा वेचायची आणि तो बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. खिडकीतूनसुद्धा कापसाचे पुंजके तरंगत यायचे, कधी कधी माझ्या पोटावर येऊन बसायचे. मी त्यांना हलवायची नाही. जे स्वतःहून येऊन बसतं ते उठवू नये, असं काहीतरी मनात असायचं तेव्हा. पोटात हालचाल झाली की आनंद आणि थांबली की श्वास बंद, असे दिवस. सहावा उलटला होता. तरी मी रोज सकाळी पोटावर हात ठेवून आधी वाट बघायची आणि मग डोळे उघडायची.

निघताना मी काकाजींना भेटले नव्हते. आमच्या दोघांतलं शेवटचं वाक्य माझं ते तोडलेलंच होतं.

अकोल्याला खोलीपासून जवळ एक वाचनालय निघालं. मी ठरवलं, इथं मला कोण ओळखतं. इथून नेईन चौथं आणि वाचून दाखवीन, आठवी तर आठवी. डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलंच होतं. एका सकाळी हळूहळू चालत गेले. टेबलावर माझ्याच वयाची एक बाई होती, मोबाइलवर पोळ्यांची कुठली तरी रीत बघत. मी फॉर्म भरला. शिक्षणाच्या रकान्यात आठवी लिहिलं, पहिल्यांदा खरं. मग म्हटलं, 'कच्चा पूल' पाहिजे.

तिनं फॉर्म वाचला. माझ्याकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं. आणि हसली.

"तुमी अमरावतीवाल्या का? कोकनातल्या? काकाजीचा फोन येऊन गेला ना तुमच्यासाठी." म्हणाली. तिची आणि काकाजींची जुनी ओळख होती, पुस्तकांच्या देवाणघेवाणीमुळे. "तुमाले चौथं द्याचं नाई म्हने."

मला रडूच आलं. इथंही? मी म्हटलं, काय बिघडवलंय मी त्यांचं? सात-आठ यत्तांवाल्याला वाचायचा अधिकार नाही का?

ती गडबडून गेली. खुर्ची घेऊन टेबलाच्या या बाजूला आली, मला बसवलं. "शिक्षनाचं नाई वो," म्हणाली. "मले म्हने, बाळ रडल्याचा आवाज आपल्या कानानं ऐकजो, मंग देजो. तोवर हात लावू देजो नोको."

मी विचारलं, त्या पुस्तकात काय आहे? तिनं उठून मला पाणी आणून दिलं आणि मी पाणी पीत असताना माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. एवढ्यानं कळलं.

टोपडं. एका शब्दावरून त्यांनी ओळखलं होतं, मला दिवस जायच्याही आधी. आणि चौथं उचलून माझ्या ओळीत अगदी मागं नेऊन ठेवलं होतं. मी त्यांना काय काय बोलले ते मला एकेक करून आठवत गेलं.

परत येताना कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, रस्ताभर पांढरा कापूस भुरभुरलेला. भीती होतीच, पण आता वाटलं, हिचं एक टोक मी धरलंय आणि दुसरं अमरावतीत कुणीतरी धरून बसलंय. त्या दुपारी कित्येक आठवड्यांनी मला झोप लागली.

मुलगी झाली. दिवस भरून, साडेसहा पौंडाची, आणि रडली अशी की नर्स म्हणाली, हिला अकोटपर्यंत ऐकू गेलं असेल.

बाराव्या दिवशी दुपारी काकू अमरावतीहून आल्या आणि त्यांच्यामागून काकाजी. मी त्यांना पहिल्यांदाच टेबलाशिवाय पाहत होते. लहान वाटले. दारातच उभे. हातात कापडी पिशवी. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. मुलगी झोपली होती. ते खुर्चीवर बसले आणि वाट बघत राहिले. काकूंनी चहा केला, त्यांनी तो थंड होऊ दिला. शेवटी मुलगी जागी झाली, तोंड वेडंवाकडं केलं आणि मोठ्यानं रडली.

काकाजींनी डोळे मिटून ते ऐकलं. मग पिशवीतून खाकी कव्हरातलं पुस्तक काढलं आणि माझ्या उशाशी ठेवलं. मीच घातलेलं कव्हर, माझ्याच अक्षरात 'कच्चा पूल'.

मग पंख्याकडं बघत बोलायला लागले. मला शब्दन् शब्द आठवतो.

"चाळीस वर्सं झाली असतीन. नवीनच लागलो होतो मी वाचनालयात. मास्तरायचे तवा पाचच पुस्तकं आले होते. नंबरानं लावायचो, अन् नंबरानंच वाचा लागते असं वाटे मले. आमच्या घरी तिले सातवा महिना. एक नेलं, वाचलं तिनं. दोन, तीन. मंग चौथं नेऊन देलं. म्या सोता वाचलं नव्हतं तवा. पूर येते अन् गाडी पुलाच्या अलीकडंच थांबते, अडलेली बाई आत... थ्या पानावर आली अन् पुस्तक खाली ठेवलं तिनं. मले काई बोलली नाई. बाळंतपन बेस झालं, पोरगी झाली. पन मंग पुस्तक नाई उचललं तिनं. आजवर नाई."

चष्मा काढून पुसला.

"वाचायची लय होती वो ताई. माह्यापेक्षा जास्त."

चहा पिऊन ते गेले. एसटी चुकेल म्हणून काकूच घाई करत होत्या.

होळी झाल्यावर आम्ही अमरावतीला परतलो. देवघेवीच्या टेबलावर एक मुलगी होती, कॉम्प्युटर होता, पुस्तकांवर काळ्या रेघांच्या चिठ्ठ्या लावणं चाललं होतं. काकाजींनी काम सोडलं होतं. दोघं नवरा-बायको रायपूरला मुलीकडं राहायला गेले होते. टेबल तेच होतं. मी उगाच त्याच्याशी जरा वेळ उभी राहिले. त्या मुलीनं विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, काही नाही, मी इथं कव्हरं घालते.

'कच्चा पूल' मी परतल्या आठवड्यातच वाचलं, मुलगी झोपलेली असताना, एका बैठकीत, एक हात तिच्या पोटावर ठेवून. अकरांतलं ते सगळ्यात मोठं पुस्तक आहे. हेडमास्तर खरं बोलत होते. आणि ते पान आलं तेव्हा मला कळलं की सातव्या महिन्यात मी ते वाचलं असतं तर पुढची किती वर्षं माझी कशी गेली असती.

रायपूरचा नंबर काकूंकडून घेतला आणि फोन केला. तो काकाजींनी घेतला नाही, एका बाईंनी घेतला. ते झोपलेत, म्हणाल्या. मी माझं नाव सांगितलं.

"कव्हरवाल्या का तुमी?" त्या म्हणाल्या. "पोरगी कशी हाय?"

मी म्हटलं, छान आहे, आता मान धरते. मग धीर करून म्हटलं, काकाजींनी अकोल्याला फोन करून ते पुस्तक थांबवलं, त्याबद्दल बोलायचं होतं.

"त्यायले कुठं सुचते," त्या म्हणाल्या. "मीच लावाले लावला थो फोन. म्हटलं, तुमी इथं देत नाई, पन थे बाई अकोल्यात जाऊन मागीन ना."

मी फोन मुलीच्या तोंडाशी नेला. त्यांनी दोनदा हॅलो म्हटलं, मुलीचा आवाज ऐकू आला तशा हसल्या आणि फोन ठेवला.

त्या बाईंना मी पाहिलेलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तक उघडलेलं नाही आणि एक पुस्तक माझ्या हाती पडू नये म्हणून त्या रायपूरला जाण्याआधी, अमरावतीच्या कुठल्या तरी घरात, माझी वाट अडवून बसल्या होत्या. काकाजींचं ऋण कसं फेडायचं ते मला तोवर कळत नव्हतं. त्या दिवशी कळलं. गेले काही महिने मी दुपारी कव्हरं घालता घालता त्याच एका कामात आहे. एवढ्या वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा हातात घ्यावं असं कोणतं, त्यानंतर कोणतं, कुठं थोडं थांबावं, कुठं हसावं. दोनदा लावलं, मोडलं. आता लागलंय. कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवलंय, मास्तरांची दहा पुस्तकं. दहाच.

मुलगी प्रवास सोसेल एवढी झाली की बडनेऱ्याहून रायपूरची गाडी धरीन, काकाजी. पहिलं पुस्तक माझ्या पिशवीत असेल, आणि ते मी तुम्हाला देणार नाही. तुमच्या घरच्यांच्या हातात देईन आणि त्या पहिलं पान उलटेपर्यंत तिथून उठणार नाही. हे माझ्याकडून व्हायचं आहे, आणि होईल.